टर्की उतरल्यानंतर : गर्दच्या उपचारांची चाळीस वर्षं

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत एक तपकिरी पूड आली. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या पट्ट्यातून येणारं ते अशुद्ध हेरॉईन होतं. बाजारात त्याला ब्राऊन शुगर म्हणत, मराठीत ते ‘गर्द’ झालं आणि ओढणारा ‘गर्दुल्ला’. पुलाखाली, जिन्यात, आडोशाला पोरं पन्नीवर चिमूटभर पूड टाकत, खालून काडी पेटवत आणि वितळून घरंगळणाऱ्या थेंबामागे नळी फिरवत धूर ओढत. याला ‘चेस मारणं’ म्हणत. सुई टोचायची नाही म्हटल्यावर धोकाही नाही, असा अनेकांचा समज होता. तो समज भलताच महागात पडला.

घरच्यांना काय करावं ते कळत नव्हतं. पोराला बदडून काढलं, कोंडून ठेवलं, देवापुढे शपथ घ्यायला लावली, लग्न लावून दिलं. 1985 साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला. पण पकडलेल्या पोराच्या शरीराचं काय झालंय, याचं उत्तर कायद्याकडे नव्हतं.

पुण्यात अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून, त्यांच्याशी बोलून लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले. 1986 च्या ऑगस्टमध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथला कारभार डॉ. सुनंदा अवचट यांनी हाती घेतला. समोरच्याला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानायचं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

तो आजारीच असतो. मेंदूत वेदना शमवणारी स्वतःची रसायनं असतात आणि ती जिथे जाऊन बसतात अशा जागाही असतात. या जागांचा पत्ता शास्त्रज्ञांना 1973 साली लागला. हेरॉईन नेमकं तिथेच जाऊन बसतं. आधी सुख, गुंगी, दुखण्याचा विसर. मग मेंदू त्या माऱ्याला सरावतो आणि तेवढ्याच परिणामासाठी पुडी वाढवावी लागते. काही आठवड्यांत सुख संपतं, उरते ती फक्त त्रास टाळण्याची धडपड. दरम्यान बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पोट साफ होत नाही, भूक मरते, वजन उतरतं, लैंगिक इच्छा ओसरते, बायकांची पाळी चुकते. धुराने छाती भरते, दम लागतो.

आणि पुडी मिळाली नाही की टर्की. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो. मग जुलाब, उलट्या, हाडं फोडल्यासारखं दुखणं. पाय आपोआप झटकले जातात, झोप येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवड्याभरात बहुतेक लक्षणं ओसरतात. पोटात पाणी ठरत नसेल तर मात्र सलाइन लागतं, म्हणून पोराला खोलीत बंद करून टर्की काढायला लावणं धोक्याचं.

टर्की उतरली म्हणजे पोरगा सुटला, असं तेव्हा सगळ्यांना वाटे. महिन्याभराने तो पुन्हा त्याच कट्ट्यावर दिसला की घर खचायचं. चाळीस वर्षांचा सगळ्यात मोठा धडा इथेच आहे : शरीरातलं विष उतरवणं ही उपचाराची पहिली पायरी आहे, उपचार नव्हे. मेंदूची ओढ महिनोन् महिने टिकते. म्हणून मुक्तांगणसारख्या ठिकाणी समुपदेशन, गटचर्चा, घरच्यांची तयारी आणि बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा यांवर भर आला. नशेशिवाय काढलेल्या वर्षांचे वाढदिवस साजरे होऊ लागले.

दुसरा धडा ईशान्येकडून आला. मणिपूरमध्ये हेरॉईन सुईने घेतलं जाई, सुया एकमेकांत फिरत आणि नव्वदच्या दशकात एचआयव्ही घराघरांत शिरला. सोबत हेपॅटायटिस सी. नशा लगेच सुटत नसेल, तर निदान सुई तरी सुटली पाहिजे, हा तो धडा. हेरॉईनच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देण्याचा मार्ग न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वांडर या डॉक्टर जोडीने साठच्या दशकातच मेथाडोन वापरून दाखवला होता. आपल्याकडे जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जास्त वापरली गेली आणि पुढे ती राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा भाग झाली. ही गोळी त्याच जागांवर बसते, पण अर्धवट काम करते. टर्की येत नाही, ओढ शमते आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

‘एक नशा सोडवून दुसरी लावली,’ असा आक्षेप आजही ऐकू येतो. तो मला मान्य नाही. मधुमेह्याच्या इन्शुलिनला आपण व्यसन म्हणत नाही. जगभरचा अनुभव सांगतो की हे औषध चालू असताना मृत्यू कमी होतात, औषध घाईने बंद केलं की वाढतात. ज्यांना अशी गोळी नको, त्यांच्यासाठी नालट्रेक्सोन आहे. ते हेरॉईनची जागाच अडवतं, मात्र आधी आठवडा-दहा दिवस शरीर पूर्ण स्वच्छ असावं लागतं.

सगळ्यात धोक्याचा काळ कोणता, हे घरोघरी माहीत असायला हवं. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने पुडी घेतो. श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात, हाक मारली तरी ओ येत नाही. अशा वेळी नालोक्झोनचं इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणू शकतं. पण त्याचा असर हेरॉईनआधी ओसरू शकतो, म्हणून रुग्णालयात नेणं टाळू नये.

2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक देशात आहेत. औषधं आहेत, अनुभव आहे, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला कायद्यातही संरक्षणाची तरतूद आहे. तोकडी पडते ती आपली चिकाटी. पोरगा पुन्हा घसरला तर तो उपचाराचा पराभव समजू नका. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, पुन्हा डॉक्टरकडे नेतो. यालाही पुन्हा न्या, आणि लागेल तितक्या वेळा न्या.