ठिबकच्या नळ्यांत साचणारा चुना : वेळीच ओळखा, वेळीच काढा



बोअरचे पाणी तापवले की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. असल्या पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. घरातला थर घासून निघतो. पण तेच पाणी ठिबकच्या नळ्यांतून जाते, आणि तिथला थर डोळ्यांना दिसत नाही. ड्रिपरचे बारीक छिद्र हळूहळू बुजते. टोकाची झाडे सुकू लागली म्हणजे मग लक्षात येते.

थर का धरतो?

पाऊस जमिनीत मुरताना हवेतला व मातीतला कर्बवायू सोबत घेतो. या पाण्यात खडकातला व मातीतला चुना विरघळतो. बायकार्बोनेटच्या रूपात तो पाण्यात राहतो, म्हणून पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. पुढे पाणी तापले की कर्बवायू निघून जातो व चुना पुन्हा घट्ट होऊन बसतो. ठिबकची काळी नळी उन्हात चांगलीच तापते. शिवाय पाणी बंद झाल्यावर ड्रिपरच्या तोंडाशी राहिलेला थेंब वाळतो आणि क्षार मागे ठेवतो. रोज एक थेंब, असे करत तोंड बंद होते.

जाळीच्या किंवा वाळूच्या फिल्टरने हा चुना अडत नाही, कारण तो विरघळलेला असतो. तुरटीनेही तो जात नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, जडपणा नाही.

आधी पारख करा

१) माप घ्या. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली १५ मिनिटे भांडे ठेवा. १ लिटर पाणी भरले पाहिजे. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला, असे तीन ठिकाणी मोजा व वहीत लिहून ठेवा. दर महिन्याला ताडून पाहा.

२) घाण कसली ते पाहा. बुजलेला ड्रिपर कापून त्यावर आम्लाचा एक थेंब टाका. पांढरा थर फसफसला तर चुना समजावा. हिरवट, बुळबुळीत असेल तर शेवाळ. त्याला क्लोरीन प्रक्रिया लागते. तांबूस असेल तर पाण्यात लोह आहे.

३) पाणी तपासून घ्या. पंप १५-२० मिनिटे चालवून मग स्वच्छ बाटलीत नमुना भरा व प्रयोगशाळेत द्या. सामू, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह पाहून मागावे. सामू ७ च्या खाली असेल तर चुना बसण्याचा धोका कमी. ८ च्या वर असेल तर धोका जास्त.

आम्ल किती लागेल?

शेजाऱ्याने किती टाकले ते विचारून आपण टाकू नये. प्रत्येकाचे पाणी वेगळे. प्लास्टिकच्या बादलीत आपलेच १० लिटर पाणी घ्या. जे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचे, त्याच कॅनमधले एक-एक मिलिलिटर टाकून ढवळा व सामू दाखवणारी कागदी पट्टी बुडवा. सामू ४ वर येईपर्यंत किती मिलिलिटर लागले ते मोजा.

समजा ६ मिलिलिटर लागले, म्हणजे १,००० लिटरला ६०० मिलिलिटर. आता ताशी ४ लिटरचे ५,००० ड्रिपर असतील तर तासाला २०,००० लिटर पाणी जाते, १५ मिनिटांत ५,००० लिटर. म्हणजे ३ लिटर आम्ल लागेल.

प्रक्रिया कशी करावी?

प्रथम फिल्टर धुवा आणि नळ्यांची टोके उघडून साका काढून टाका. टोके बंद करून ठिबक नेहमीच्या दाबावर चालवा. प्लास्टिकच्या टाकीत १५ लिटर पाणी घेऊन त्यात ३ लिटर आम्ल सावकाश ओता, व्हेंच्युरीतून १५ मिनिटांत सोडा. शेवटच्या नळीच्या शेवटच्या ड्रिपरचे पाणी पट्टीवर घ्या. तिथे सामू ४ दिसला की पंप बंद करावा.

२४ तास आम्ल नळ्यांत राहू द्या. दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचा फ्लश व्हॉल्व आणि मग थोड्या थोड्या नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. हे पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका. शेवटी पुन्हा माप घ्या.

जीव सांभाळा

• आम्ल पाण्यात ओतावे. आम्लावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते.
• रबरी हातमोजे, चष्मा, पायांत बूट हवेतच. जवळ साध्या पाण्याची भरलेली बादली ठेवा. अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर धुऊन तडक दवाखाना गाठा.
• आम्ल आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली की विषारी वायू निघतो. दोन्ही प्रक्रिया एकाच दिवशी करू नयेत.
• मध्येच वीज गेली तर आम्ल उलटे विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरू शकते. पंपाजवळ पाणी उलटे न येऊ देणारा व्हॉल्व असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नका.
• लोखंडी खतटाकीतून आम्ल सोडू नका.

एक इशारा

घरासाठी मिठावर चालणारे पाणी मऊ करण्याचे यंत्र मिळते. नळ आणि गीझर जपायला ते ठीक. पण त्यातून चुन्याच्या जागी सोडियम येते. ते पाणी, किंवा यंत्र धुतलेले खारे पाणी, पिकाला देऊ नका. काळी जमीन चोपण होईल.

आणि हे मात्र पक्के ध्यानात ठेवा : आम्ल पाण्याबरोबर जाते. जो ड्रिपर पूर्ण बुजला, त्यातून पाणीच जात नाही, मग आम्ल तरी कसे पोचणार? तो बदलावाच लागतो. म्हणून झाड सुकायची वाट पाहू नका. १ लिटरच्या जागी ९०० मिलिलिटर भरू लागले, की वेळ झाली असे समजा.