कोल्हापूर ते भुवनेश्वर : अनिकेत जाधवच्या प्रवासातून उलगडणारे भारतीय आघाडीपटूचे गणित

काशीच्या पंचगंगा घाटावर पाच नद्यांचा संगम मानला जातो. मात्र डोळ्यांना दिसते ती केवळ गंगा. यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या तेथे गुप्त रूपाने वाहतात, अशी श्रद्धा आहे. कोल्हापूरची पंचगंगाही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच प्रवाहांची मानली जाते. याच कोल्हापुरात १३ जुलै २००० रोजी जन्मलेल्या अनिकेत जाधव या फुटबॉलपटूची कारकीर्दही काहीशी अशीच आहे. गोलफलकावर तिचा एक छोटासा भाग दिसतो; उरलेला समजून घ्यायचा, तर भारतीय व्यावसायिक फुटबॉलची रचना पाहावी लागते.

फुटबॉलमध्ये आघाडीपटूचे मोल प्रामुख्याने गोलांच्या संख्येवरून ठरते. त्या निकषावर अनिकेतचे नाव अग्रस्थानी येत नाही. इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल आणि ओडिशा अशा अनेक संघांचा गणवेश त्याने चढविला आहे. इतके संघ बदलणारा खेळाडू कोठेच स्थिरावला नाही, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. वस्तुस्थिती मात्र अधिक गुंतागुंतीची आहे.

पेठांतील फुटबॉल, पण व्यावसायिक संघ नाही

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालीम मंडळांच्या सामन्यांना छत्रपती शाहू स्टेडियमवर मोठी गर्दी लोटते. तरीही देशातील सर्वोच्च साखळीत, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, कोल्हापूरचा संघ नाही. त्यामुळे व्यावसायिक व्हायचे असेल, तर लहान वयातच घर सोडणे भाग पडते. रिक्षाचालकाच्या कुटुंबातील अनिकेतने पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश घेतला आणि तेथून तो राष्ट्रीय कुमार संघाच्या शिबिरापर्यंत पोहोचला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये भारताने १७ वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद भूषविले. फिफाच्या विश्वचषकात भारतीय फुटबॉल संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. अनिकेत त्या संघाच्या आघाडीच्या फळीत होता. अमेरिका (०-३), कोलंबिया (१-२) आणि घाना (०-४) या तिन्ही संघांकडून भारत पराभूत झाला. पण त्या मुलांची पुढील जडणघडण व्हावी, यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना इंडियन ॲरोज या नावाने आय-लीगमध्ये उतरविले. नोव्हेंबर २०१७ मध्ये चेन्नई सिटीविरुद्धच्या ३-० अशा विजयात अनिकेतने दोन गोल केले. पुढे इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबमध्ये त्याला प्रशिक्षणाची संधी मिळाली. या क्लबची मालकी पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे.

मधली जागा परदेशी खेळाडूकडे

ॲरोजमध्ये परदेशी खेळाडू नव्हते. त्यामुळे गोल करण्याची मुख्य जबाबदारी भारतीय मुलांवरच होती. सुपर लीगमध्ये चित्र बदलते. तेथे संघ आपले परदेशी खेळाडू सहसा मध्य आघाडीला आणि बचावाच्या केंद्रस्थानी खेळवितात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या लीगमध्ये २०२४-२५ पर्यंतच्या अकराही हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान परदेशी खेळाडूलाच मिळाला, हे बोलके आहे. परिणामी, भारतीय आघाडीपटूला बहुधा मैदानाच्या कडेला सरकावे लागते. बगलेतून धावणे, मध्यभागी चेंडू पोहोचविणे आणि चेंडू गमावताच मागे येऊन बचावाला हातभार लावणे, हे त्याचे काम होते. या कामाची नोंद गोलफलकावर होत नाही.

अनिकेत हैदराबाद संघाकडून खेळला, तो २०२१-२२ चा हंगाम याचे उत्तम उदाहरण आहे. नायजेरियाच्या बार्थोलोम्यू ओगबेचेने त्या हंगामात १८ गोल केले. २४ जानेवारी २०२२ रोजी ईस्ट बंगालवरील ४-० अशा विजयात तीन गोल ओगबेचेचे आणि एक अनिकेतचा होता. करोनाच्या साथीमुळे ती संपूर्ण स्पर्धा गोव्यात झाली आणि २० मार्च रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून हैदराबाद विजेता ठरला. एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये बंद झाल्यानंतर लीगमधील त्याची जागा हैदराबादने घेतली होती. महाराष्ट्राच्या खेळाडूने जिंकलेल्या या करंडकामागे पुण्याने गमावलेल्या संघाची कहाणीही आहे.

त्याच महिन्यात बहरीनमधील मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी वरिष्ठ भारतीय चमूत अनिकेतची निवड झाली. त्यानंतर ईस्ट बंगालमार्गे तो ओडिशाकडे आला. २७ नोव्हेंबर २०२३ रोजी एएफसी चषकात ओडिशाने कोलकात्यात मोहन बागानला ५-२ असे हरविले, तेव्हा भरपाईच्या वेळेत पाचवा गोल अनिकेतने नोंदविला.

संघबदलाचा अर्थ

प्रशिक्षक बदलला, एखादा परदेशी आघाडीपटू नव्याने आला किंवा खेळण्याची पद्धत बदलली, की आधी बाकावर बसावे लागते ते भारतीय आघाडीपटूला. बाकावर गेलेला हंगाम या वयात परवडणारा नसतो. म्हणून तो जेथे खेळायला मिळेल तेथे जातो. त्यामुळे अशा खेळाडूच्या संघबदलाकडे केवळ चंचलता म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

याची किंमत राष्ट्रीय संघालाही मोजावी लागते. क्लबसाठी वर्षभर बगलेत धावणाऱ्या खेळाडूकडून देशासाठी मध्यभागी उभे राहून गोल करण्याची अपेक्षा केली जाते. सुनील छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न वारंवार विचारला जातो, त्याचे एक उत्तर येथे आहे. शाहू स्टेडियमवर जमणाऱ्या मुलांमध्ये गुणवत्ता नाही, असे कोणी म्हणणार नाही. त्यांना गोल करण्याच्या जागेवर खेळविणारा संघ कोठे आहे, हा खरा प्रश्न आहे.