नव्या ब्रेक डिस्कमधील कंप : निदान व दुरुस्ती

प्रस्तावना :

भारतातील बहुतांश लहान मोटारींना पुढील चाकांवर डिस्क ब्रेक आणि मागील चाकांवर ड्रम ब्रेक असतात. पुढील झिजलेल्या डिस्क बदलल्यानंतर काही महिने गाडी उत्तम थांबते. मात्र पुढे काही हजार किलोमीटर धावल्यावर वेगात ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरू लागते, अशी तक्रार वारंवार आढळते. 'डिस्क वाकली' असे निदान करून पुन्हा नवी जोडी बसवली जाते आणि कालांतराने तोच दोष परत उद्भवतो. वाहनधारकाचा खर्च दुप्पट होतो, कारण मात्र जागच्या जागी राहते. प्रस्तुत लेखात या कारणाचे विवेचन केले आहे.

दोषाचे स्वरूप :

डिस्क बिडाची असते. नेहमीच्या वापरातील उष्णतेने ती सहसा वाकत नाही. परंतु ती हबवर किंचित तिरकी बसली, तर फिरताना तिची कड आत-बाहेर डोलते. या डोलण्यास 'रनआऊट' म्हणतात. ब्रेक लावलेला नसतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला अलगद घासतो व तेवढाच झिजतो. हळूहळू डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही आणि जाडीतील ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचा फरकही हातापायांना जाणवू शकतो. म्हणजे दोषाचे मूळ डिस्क बसवण्याच्या दिवशीच रुजते, पण तो प्रकट होतो महिन्यांनंतर. या दोन घटनांचा संबंध कोणी जोडत नाही, हीच खरी अडचण होय.

तिरकेपणाचे नेहमीचे कारण हबच्या पृष्ठावरील गंज हे आहे. हबचा व्यास १४० मिलिमीटर धरल्यास त्याच्या एका कडेला राहिलेला ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रा २४० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कच्या कडेजवळ सुमारे ०.०८ मिलिमीटर डोलणे निर्माण करतो. अनेक गाड्यांत अनुज्ञेय मर्यादाच ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत वापरलेल्या गाडीचा हब तर तारेच्या ब्रशने धातू चकाकेपर्यंत घासल्याशिवाय डिस्क बसवूच नये.

निदान व उपाय :

डिस्क सर्व नटांनी घट्ट आवळून, कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत डायल गेज लावावा व डिस्क हाताने फिरवावी. वाचन मर्यादेबाहेर असल्यास सर्वाधिक वाचनाच्या जागी डिस्क व हब या दोहोंवर खूण करून डिस्क एक-दोन छिद्रे फिरवून पुन्हा बसवावी. उंच भाग डिस्कबरोबर सरकला तर दोष डिस्कचा; हबवरील खुणेपाशीच राहिला तर हबचा किंवा बेअरिंगचा. एवढी साधी कसोटी असताना डिस्क काढून लेथवर फिरवून आणण्याकडे कल दिसतो. लेथवर डिस्क स्वतःच्या अक्षाशी समतल होते, परंतु तिरक्या हबवर ती पुन्हा तिरकीच बसते. शिवाय नव्या डिस्कची जाडी विनाकारण घटते.

चाकाचे नट एअर गनने एकामागून एक आवळल्यासही डिस्क ताणली जाते. ते समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळावेत.

नव्या डिस्कवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढणे आवश्यक आहे. ते राहिल्यास पॅड तेलकट होऊन ब्रेकची पकड कमी होते. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पेडल तळाशी जाऊ शकते. गाडी हलवण्यापूर्वी पेडल टणक होईपर्यंत दाबणे विसरल्यास गॅरेजच्या दारातच अपघात संभवतो. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगावरून मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, प्रत्येक वेळी डिस्क थोडी थंड होऊ द्यावी. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवल्यास पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि त्यातूनही कंप उद्भवतो.

निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावताना जाणवणारी पेडलची धडधड एबीएसची असू शकते. तसेच पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज येतो. सकाळी त्याचा खरखर आवाज चार-पाच वेळा ब्रेक लावल्यावर थांबतो. त्यासाठी डिस्क काढण्याचे कारण नाही.