पिवळ्या पायांचं माहेर

भूकंपाच्या साली, म्हणजे 1993 ला, लातूरच्या मुरुडात आमच्या परसात दहा-बारा कोंबड्या होत्या. एखादी खुडूक झाली की आई तिला रवणीला बसवायची. एकेक अंडं दिव्यासमोर धरून बघायची, टोपल्यात भुसा पसरून अकरा मांडायची. एकविसाव्या दिवशी कवचाला आतून टोच पडे आणि भोकातून चोचीचं ओलं टोक दिसे. पुढं अंगणावर घार फिरली की कोंबडीचा आवाज बदलायचा, सगळी पिलं पंखाखाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रानातून आलं होतं ते.

कोणत्या रानातून? डार्विननं 1868 च्या ग्रंथात तांबडा रानकोंबडा हाच साऱ्या कोंबड्यांचा मूळपुरुष ठरवला. 2020 मध्ये आठशेहून जास्त पक्ष्यांची जनुकं तपासली गेली आणि बोट नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड, म्यानमारच्या रानांकडं वळलं. 2022 ला थायलंडातल्या बान नॉन वाटच्या तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवरून संशोधकांनी मांडलं, की भात आणि भरड धान्याची शेती आली तशी ही पाखरं दाण्यामागं माणसाजवळ आली. खळ्यावर कोंबड्या बघितलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

मला मात्र 2008 चा शोध जास्त जवळचा वाटतो. कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं, पिवळ्या पायांचं जनुक तांबड्याकडून आलेलं नाही. ते राखी रानकोंबड्याचं आहे. हा पक्षी फक्त भारतात राहतो. मानेच्या पिसांवर लाखेचे थेंब सुकावेत तसे त्याचे ठिपके, आणि आरवणं तुटक, घरच्या कोंबड्यासारखं नाहीच. तो सह्याद्रीत, तांबडा पूर्व विदर्भात. दोघांची हद्द ढोबळमानानं गोदावरी धरतात. ती गोदावरी आपल्या नांदेडावरून वाहते. मुरुडच्या आसपास रान असं उरलेलंच नाही, पण उकिरडा उकरणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत ते दोघंही आहेत.

या तीस वर्षांत परस सिमेंटचे झाले. मानमोडीनं खुराडी रिकामी केली, बाजार बॉयलरनं भरला. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात आणि आपल्या अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा घराघरांतून धास्ती होती. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, पोल्ट्रीतली तीनशेच्या घरात. तेवढ्यासाठी तिचं खुडूक होणंच पिढ्यान्‌पिढ्या निवडीनं काढून टाकलं. अंडी वाढली, पण उबवायची ओढ गेली. मला ही फार मोठी हानी वाटते. गावरान कोंबडी सांभाळायची ती चवीसाठी नव्हे, या ओढीसाठी.

शेजारून आणलेली तलंग यंदा चैत्रात पहिल्यांदा खुडूक झाली. आईसारखीच अकरा अंडी मांडली. आठ पिलं निघाली. पाचांचे पाय पिवळे आहेत.