घरच्या घरी जुनी मोटार : भाग ७
तापली की बंद, निवली की सुरू

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झालेली गाडी तासाभराने भर रस्त्यात बंद पडते. बोनेट उघडं टाकून अर्धा तास झाडाखाली बसलं की पुन्हा सुरू होते आणि घरापर्यंत सुखरूप आणते. फियाट बाळगणारे चार जण एकत्र आले की ही तक्रार हटकून निघते. गेल्या आठवड्यात आपण कॉम्प्रेशन तपासलं. ते चारही सिलिंडरांत ठीक असेल, तर इंजिन आतून धड आहे आणि दोष बाहेर आहे, ठिणगीत किंवा पेट्रोलात.

अशा वेळी बहुतेक गॅरेजांत पहिला हात कार्बोरेटरला लागतो. तो उतरवून, जेट फुंकून, पुन्हा बसवेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं. गाडी सुरू होते, ‘कचरा आला होता’ असा निकाल लागतो आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा तशीच बंद पडते. गाडी खरं तर नुसत्या थांबण्याने सुरू झालेली असते. कंडेन्सर, कॉइल, पंप, टाकीचं झाकण, दोष यांपैकी कशातही असला तरी अर्ध्या तासाने गाडी सुरू होऊ शकते. म्हणून थांबणं हा उपाय असला तरी ती तपासणी नव्हे. हा दोष मुद्देमालासकट पकडायचा, तर गाडी बंद पडल्यावरची पहिली पाच मिनिटं हातची घालवू नका.

आधी ती कशी बंद पडली ते आठवा. कोणी चावी फिरवावी तशी एकदम गप्प झाली, तर संशय ठिणगीवर. आचके देत, खोकत, ॲक्सिलरेटर दाबूनही दम न धरता थांबली, तर पेट्रोलवर. हा नियम शंभर टक्के खरा ठरत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरवता येतं.

बोनेट उघडल्यावर कुठे पेट्रोल सांडलेलं नाही ना, वास येत नाही ना, हे पाहूनच पुढे जा. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली मधली जाड वायर काढा, इन्सुलेशन असलेल्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनच्या उघड्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळसर-पांढरी, चटचट आवाज करणारी ठिणगी उडाली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक आहे. मग रोटर, कॅप आणि प्लगच्या वायरी राहिल्या. ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल किंवा उडतच नसेल, तर कंडेन्सर आणि कॉइलकडे वळा.

कंडेन्सर दिसायला बोटाच्या पेराएवढा डबा, पण त्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह सहजासहजी थांबायला तयार नसतो. तो पॉइंटांच्या फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्या क्षणी तो स्वतःत सामावून घेतो. त्यामुळे प्रवाह झटकन तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि प्लगपर्यंत जाणारा हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. आतलं इन्सुलेशन जुनं झालं की ते थंडीत टिकतं आणि उष्णतेत गळतं. पॉइंट जळके, खड्डे पडलेले दिसत असतील तर संशय आणखी पक्का. चांगला ठरलेला एक जादा कंडेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवाच. जागच्या जागी तो जोडून पाहिला आणि गरम इंजिन लगेच सुरू झालं, तर दोष सापडला. कॉइल मल्टिमीटरने मोजायची तर तीही गरम असतानाच मोजा. तुटलेली तार थंड कॉइलमध्ये पुष्कळदा टेकलेली असते आणि आकडा बरोबर दाखवते.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज झाला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल उपसलं जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही. एवढ्याशा भोकापायी लोकांनी पंप बदलल्याचं मी पाहिलं आहे.

मग पंप. १०८९ सीसीच्या या इंजिनात पेट्रोल पंप थेट लोखंडी ब्लॉकवर बसतो, म्हणजे ब्लॉकची उष्णता त्यालाही मिळते. दोहोंच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड तुकडा असतो. आधीच्या कुठल्या दुरुस्तीत तो गायब झालेला नाही ना, ते पाहा. मे महिन्यात बोरघाट चढून खंडाळ्याला चहासाठी थांबलं, की पंखाही थांबतो आणि पाण्याचं फिरणंही. बोनेटखालचं तापमान उलट वाढतं. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पंपाला ढकलता येत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवून काही मिनिटांत गाडी सुरू झाली, तर दोष वाफेचा.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनल्या तेव्हाचं रबर त्यासाठी केलेलंच नव्हतं. डायफ्रॅम आणि नळ्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात. इथेनॉल सोसणारं रबर मिळतं. तेच घाला, आणि ते आधीच घाला, कारण तापलेल्या एक्झॉस्टजवळ झिरपणारी नळी ही आगीची तयारी आहे. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली असेल, तर गाडी पुढे हाकू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खाऊन टाकतं.

रस्त्यावर हे करणं नको वाटत असेल तर अंगणात करा. बोनेट बंद ठेवून, मोकळ्या हवेत, इंजिन दोष दाखवेपर्यंत चालू ठेवा. बंद गॅरेजमध्ये हे कधीही करू नये, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. कंडेन्सर बदलला तर पॉइंटही नवे घाला, फट मॅन्युअलप्रमाणे, साधारण ०.४५ मिलिमीटर ठेवा आणि टायमिंग पुन्हा पाहा. त्यानंतर गाडी पूर्वी बंद पडली होती त्याच रस्त्याने, तशाच उन्हात एकदा न्या.

पुढच्या आठवड्यात टॅपेट. फीलर गेज आणि मॅन्युअल जवळ ठेवा.