दारू आणि मनाचा आजार : दुखणी दोन, उपचार एकत्र

आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण परिसरातील कोणत्याही वस्तीत दारू सोडण्यासाठी केंद्रात राहून आलेली, चार-सहा महिने चांगली राहिलेली आणि पुन्हा पिऊ लागलेली माणसे आपणा सर्वांच्या पाहण्यात आहेत. अशा माणसाविषयी आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो की, याला मुळात सोडायचीच नाही. प्रस्तुत लेखात आम्हास सांगावयाचे आहे ते इतकेच की, पुष्कळदा या माणसाला दुखणी दोन असतात आणि औषध एकाचेच झालेले असते. दुसरे दुखणे मनाचे असते व ते कोणी तपासलेलेच नसते.

मनाचा आजार म्हटले की आपल्याकडे एकदम येरवड्याचे नाव निघते आणि बोलणेच थांबते. परंतु महिनोन्महिने न सरणारी उदासी, छाती धडधडून घाम फोडणारी भीती, कधी अतोनात उत्साह तर कधी अंथरुणातून उठणेही नको, कानात आवाज येणे, सगळे आपल्या वाईटावर आहेत अशी खात्री पटणे, हेही आजारच होत, मधुमेहासारखे, रक्तदाबासारखे. अशा माणसाला दारू काही तास आराम देते. चाकणला थर्ड शिफ्ट करून सकाळी पत्र्याच्या खोलीवर आलेल्या, कंत्राट पुढच्या महिन्यात राहील की नाही याची धास्ती घेतलेल्या मुलाला झोप लागत नाही. कोणी सोबती क्वार्टरचा उपाय सांगतो आणि तो लागूही पडतो! मात्र ही झोप कच्ची असते, थोड्या तासांत मोडते. पुढे तेवढ्याच झोपेला अधिक दारू लागते आणि दारू स्वतःच उदासी वाढवते. गांजाचेही तसेच. ज्याच्यात आजाराचे बीज आधीपासून असते, त्याला गांजाने कानातले आवाज सुरू होऊ शकतात. आधी कोणते दुखणे आले, हा वाद काही काळाने व्यर्थ ठरतो, कारण दोन्ही एकमेकांना पोसत राहतात.

हे क्वचित घडते असेही नाही. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दारूचा आजार जडलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी दुसरा मानसिक आजारही झालेला आढळला. इतर मादक पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के होते. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूचा आजार असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८६ जण उपचाराविनाच राहिल्याचे दिसले.

आणि उपचाराला गेलेल्यांची तरी काय गत होते? मनाच्या डॉक्टरांकडे जावे तर सांगतात, आधी दारू बंद करून या. व्यसनमुक्तीच्या केंद्रात जावे तर तिथे सांगतात, गोळ्या कशाला, त्याही एक व्यसनच. दोन दारांमध्ये घरची बाई हेलपाटे घालते, प्रत्येक वेळी खाडा पडतो आणि रजा संपते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९८०च्या दशकापासून यावर उपाय योजला गेला. एकाच पथकाने दोन्ही आजार एकाच वेळी हाताळायचे, आणि पुन्हा प्यालेल्या माणसाला हाकलून न देता त्याच्याशी धागा टिकवून ठेवायचा, असा तो मार्ग होय.

आपल्या जवळचेच उदाहरण पाहावयाचे तर पुण्याचे मुक्तांगण. अनिल अवचट यांनी त्या काळी 'गर्द' नावाने फोफावलेल्या ब्राऊन शुगरविषयी लिहिले, ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू झाले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ते चालविणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची सुरुवात त्याच रुग्णालयाच्या आवारात झाली. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तिथे कार्यकर्ते झाली, बायकांना व घरच्यांनाही उपचारात घेतले गेले. १९९७ साली अनिताताईंचे निधन झाले. काम पुढे चालू राहिले.

एकत्र उपचार म्हणजे प्रत्यक्षात काय? रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे व थायमिन हे जीवनसत्त्व देऊन काढावे लागतात. त्यानंतर दोन ते चार आठवडे थांबून मन पुन्हा तपासतात. दारूने आलेली उदासी बहुधा एवढ्यात ओसरू लागते. जी ओसरत नाही, तिचे औषध स्वतंत्रपणे चालू करावे लागते. परंतु कोणी जीव देण्याची भाषा करीत असेल किंवा कानात आवाज येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. गोळ्यांविषयी म्हणाल, तर झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरे. उदासीवरील वा स्किझोफ्रेनियावरील गोळ्यांची नशा नसते. घरच्यांनी त्या परस्पर बंद करू नयेत.

येथे एक गोष्ट जोर देऊन सांगणे आम्हास आवश्यक वाटते. 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती आपण भिंतींवर पाहतो. चहात वा भाजीत डायसल्फिराम कालवून दिले आणि तो माणूस प्याला, तर रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतो. शिवाय ज्याला आधीच आवाज ऐकू येतात वा संशय छळतो, त्याचा तो आजार या औषधाने बळावू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते.

थोडी कायद्याची माहितीही हवी. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ ने दारू व मादक पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरल्या आहेत व रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. केंद्रात दाखल करण्यापूर्वी त्याची नोंदणी आहे का आणि मानसोपचारतज्ज्ञ येतात का, हे विचारावे. ई.एस.आय.च्या कामगारांनी आणखी एक जाणून घ्यावे. वाढीव आजारपण भत्त्याच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे मनाचे गंभीर आजार आहेत. ठरावीक नोकरी व वर्गणी भरली असल्यास तो मिळतो. कागदावर नुसते 'दारूचे व्यसन' एवढेच लिहिले गेले, तर त्या हक्काला मुकावे लागते.

आपल्या समाजाची एक अडचण निराळी आहे. पाचवे शील आपणास ठाऊक आहे. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे पिणारा माणूस विहारात यायचे टाळतो, घरचे लपवतात आणि दुखणे पाच-दहा वर्षे उशिराने डॉक्टरांपुढे जाते. शील मोडले म्हणून त्याच्याशी बोलणे टाकणे, हा कोणत्याच आजाराचा उपचार नव्हे.

मोठे दवाखाने सर्वत्र नसतात ही सबब आहे खरी. परंतु गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांना शिकवून उदासीसाठी व घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशन करविले. २०१६-१७ च्या अहवालांनुसार अशा समुपदेशनानंतर तीन महिन्यांनी उदासीचे ६४ टक्के रुग्ण सावरले; नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. दारूच्या बाबतीत हेच आकडे ३६ व २६ टक्के होते. फार अवलंबून गेलेल्यांना मात्र डॉक्टर हवेतच. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे काम का शिकू नये?

तूर्तास १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि दवाखान्यात जाताना सोबत एकच कागद न्यावा : किती व केव्हापासून पितो, शेवटचे केव्हा प्याला, झोप कशी आहे, न पिता राहिला तेव्हा मन कसे होते, जीव देण्याचे बोलला का, घराण्यात कोणाला असे झाले होते का आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत.