संगणक-जालातील प्रतिकरण व काल-नियोजन
संदेश हरवू नये म्हणून तो एकाच वेळी अनेक मार्गांनी पाठविणे यास प्रतिकरण म्हणतात. कोणता संदेश कोणत्या क्षणी मार्गस्थ व्हावा हे आगाऊ ठरविणे म्हणजे काल-नियोजन होय. विद्युत् उपकेंद्रे, विमाने व स्वयंचलित कारखाने यांमध्ये उशिरा आलेला संदेश न आल्यासारखाच असल्याने तेथे दोहोंचीही गरज भासते.

सामान्य जालात हरवलेला संदेश पुन्हा पाठवितात. तेवढा वेळ नसतो तेथे आयईसी ६२४३९-३ मानकातील एचएसआर पद्धती वापरता येते. तीत उपकरणे वलयाकार जोडून प्रत्येक संदेशाच्या दोन प्रती परस्परविरुद्ध दिशांनी सोडतात. दोन्ही प्रतींवर एकच अनुक्रमांक असतो. ग्राही उपकरण आधी आलेली प्रत स्वीकारते व दुसरी टाकून देते. एखादा दुवा तुटला तरी खंड पडत नाही. मात्र वलयाची उपयुक्त क्षमता जवळजवळ निम्मी होते.

खरी अडचण निराळीच आहे. विद्युत् उपकेंद्रात सर्किट ब्रेकर उघडण्याचा संदेश सुमारे ३ मिलिसेकंदांत पोहोचावा लागतो. दर सेकंदास १० कोटी बिट वाहून नेणाऱ्या दुव्यावर १,५०० बाइटांचा संदेश पाठविण्यास ०.१२ मिलिसेकंद लागतो आणि सुरू झालेला संदेश सहसा मध्येच थांबविता येत नाही. ३० उपकरणांच्या वलयात शेजारचा दुवा तुटून तातडीचा संदेश लांबच्या बाजूने गेला व प्रत्येक टप्प्यावर असा एक मोठा संदेश आडवा आला, तर केवळ खोळंब्यातच सुमारे ३.५ मिलिसेकंद जातात. प्रत सुखरूप पोहोचते, पण मुदत टळल्यावर. सर्व दुवे शाबूत असताना घेतलेल्या चाचणीत हा दोष दिसत नाही, हे विशेष.

आयईईई ८०२.१क्यूबीव्ही (२०१५) मानकानुसार स्विचची निर्गमद्वारे वेळापत्रकाप्रमाणे उघडतात व मिटतात, त्यामुळे तातडीच्या संदेशाला मार्ग मोकळा मिळतो. प्रतिकरणाचे ८०२.१सीबी मानक २०१७ मध्ये आले. दोन्ही एकत्र वापरताना प्रत्येक मार्गावरील प्रत्येक प्रतीसाठी वेळ राखून ठेवावी लागते व मुदतीचा हिशेब सर्वांत लांब मार्गावरून करावा लागतो. ग्राही उपकरणाने अनुक्रमांक किती काळ स्मरणात ठेवावेत, हेही मार्गांतील कालांतरावरूनच ठरते. ते लवकर पुसले गेल्यास रेंगाळलेली प्रत नवा संदेश म्हणून स्वीकारली जाते. शिवाय सर्व स्विचांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. ती बिघडल्यास दोन्ही प्रती एकदमच चुकू शकतात. एअरबस ए३८० विमानात (प्रथम उड्डाण २००५) हे परावलंबन टाळलेले आहे. तेथे दोन स्वतंत्र जाले असून सामाईक घड्याळ नाही. प्रत्येक संदेशप्रवाहाला दोन संदेशांमधील किमान अंतर (१ ते १२८ मिलिसेकंद) घालून दिलेले असते व त्यावरून कमाल विलंब काढतात.